पहिल्या ओळीतली जनावरं

आमच्याकडे माणसाचं नाव बापाच्या नावाला धरून येतं. त्यामुळे दुलमा म्हणजे कायम 'योंदोनची दुलमा'. कचेरीच्या दारावरच्या पाटीवर तसंच, पगारपत्रकात तसंच आणि परदेशातून येणाऱ्या पत्रांतही तसंच. ती पत्रं लिहिणारे बिचारे 'मिस्टर योंदोन' लिहून मोकळे होतात. मग बैठकीला ही ठेंगणी, रुंद गालांची, मेंढरांमागे निघाल्यासारखी झपझप चालणारी बाई आत आली की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. दुलमा कुणाला दुरुस्त करत नाही. "बाबांचं नाव जगभर फिरतंय, फिरू दे की," म्हणते.

तिचं काम काय, हे सांगितलं की लोक आधी हसतात. पृथ्वी तापवणारा वायू आपल्या देशातून वर्षाकाठी किती सुटतो आणि कशाकशातून सुटतो, याची मोजदाद ती करते. वीजघरांचा कोळसा, राजधानी उलानबातरभोवतीच्या वस्त्यांमधल्या चुली, ट्रक, सिमेंटच्या भट्ट्या, शहराचा कचरा आणि जनावरं. जनावरं म्हटलं की कुणीतरी हमखास डोळे मिचकावून विचारतं, "म्हणजे मागून सुटतो तो ना?"

"पुढून," दुलमा शांतपणे सांगते. "चारा पोटात आंबतो, त्याचा ढेकर येतो. जवळजवळ सगळा पुढूनच."

सुरुवातीच्या काळात कचेरीत तिला 'ढेकरवाल्या बाई' म्हणत. तिनं ते कधी अंगाला लावून घेतलं नाही. ज्यांनी नाव ठेवलं ते बदल्या होऊन कुठल्या कुठे गेले, ही मात्र तिथंच राहिली.

ती मूळची खांगाईच्या डोंगरातल्या शारबुलागची. शारबुलाग म्हणजे एक शाळा, एक दवाखाना, दोन-चार सरकारी खोल्या. बाकी सगळी वस्ती गेर, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, ठोकून दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली. चालायला लागली तशी पोरगी घोड्यावर बसली आणि शाळेचं वय झालं तशी वसतिगृहात गेली. तिथं ती कित्येक दिवस मुसमुसायची ती आईसाठी नव्हे, मागे ठेवून आलेल्या एका तांबड्या वासरासाठी. गणितात पहिली यायची. शहरात शिकली, आकडेमोडीच्या खात्यात चिकटली, लग्न केलं, पोरं वाढवली. एके वर्षी देशानं जगाशी करार केला की आम्हीही आमच्या वायूचा हिशेब देऊ. हिशेब द्यायचा म्हणजे कुणीतरी तो करायला हवा. तो कुणी करायचा हे ठरवायच्या बैठकीच्या दिवशी दुलमा रजेवर होती, म्हणून काम तिच्या गळ्यात पडलं.

परदेशी शिक्षक आले, एक जाडजूड पुस्तक उघडून आठवडाभर बोलले आणि विमानात बसून गेले. दुलमानं ते पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून हिवाळेच्या हिवाळे वाचलं. गळ्यात पडलेलं काम तिनं असं काही गळ्यातल्या दागिन्यासारखं मिरवलं की आज दुसऱ्या देशांतले लोक तिला अडलेलं विचारतात. आम्ही शारबुलागचे लोक हे ऐकतो आणि उगाचच ताठ बसतो.

त्या पुस्तकातली एक गोष्ट तिला फार पटली होती. उगम शेकड्यांनी असतात, सगळ्यांकडे सारखं बघायला माणसं नाहीत आणि पैसाही नाही. म्हणून मुख्य कोण ते आधी ओळखायचं. सगळे उगम मोठ्याकडून लहानाकडे एकाखाली एक मांडायचे आणि वरून बेरीज करत यायचं. एकूण वायूतले शंभरातले पंच्याण्णव भाग भरले की थांबायचं. जेवढे बेरजेत आले ते मुख्य, उरलेले किरकोळ. शिवाय आज लहान पण भराभर वाढणारा एखादा असेल तर त्यालाही मुख्यांत बसवायचं. आम्हा गेरमध्ये राहणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. थंडी नमद्याच्या शंभर भोकांतून येते, पण आधी माणूस दार बघतो.

आणि जे मुख्य ठरलं त्याला नियम कडक. किरकोळ उगमाला पुस्तकातला उसना आकडा चालतो, जगाची सरासरी म्हणून छापलेला. मुख्य उगमाला तो चालत नाही. तिथं देशानं स्वतःचं काहीतरी मोजून आणावं लागतं.

आता आमच्या यादीत पहिल्या ओळीत कोण असणार? माणसांपेक्षा जनावरं कितीतरी पट असलेला देश हा. जनावरांचा ढेकर वीजघरांच्या धुराड्यांनाही मागे टाकून वर बसायचा. आणि तरी इतकी वर्षं त्याच्यापुढे आकडा मात्र उसनाच. दर खेपेला हिशेब तपासणारे परदेशी अगदी सभ्य भाषेत एकच वाक्य लिहून पाठवत, की आपल्या सर्वांत मोठ्या उगमासाठी आपण स्वतःची माहिती वापरावी अशी विनंती आहे. दर खेपेला आमचे लोक तितक्याच सभ्यपणे 'प्रयत्न चालू आहेत' असं कळवत. दुलमाला ते वाक्य वाचताना दर वेळी कुणीतरी कान पिळल्यासारखं व्हायचं. येत्या उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती. ही तिची शेवटची मोजदाद, आणि या खेपेला ते वाक्य येऊ द्यायचं नाही असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

प्रयत्न तिनं केले नव्हते असं नाही. जनावर किती ढेकर देतं हे ते किती खातं यावर, आणि किती खातं हे बरंचसं त्याच्या वजनावर. म्हणून मागे एकदा तिनं जिल्ह्याजिल्ह्यांतून वजनं मागवली. भरघोस आली. ती घालून गणित केलं, तर आकडा पुस्तकातल्यापेक्षाही फुगला. देशाचा स्वतःचा आकडा मिळाला म्हणून कचेरीतले सगळे खूश. दुलमा मात्र कागद पुढे घेऊन बसून राहिली. त्या गणिताप्रमाणे आमची गाय ऐन वसंतात, वाळकं गवतसुद्धा संपलेलं असताना, शरदाइतकंच खात होती.

मग तिनं कपाळाला हात लावला. आलेली सगळी वजनं शरदातली होती. आमच्याकडे जनावर कापतात ते शरदाच्या शेवटी, विकतात शरदात, कौतुकानं दाखवतात शरदात. शरदात भेटलं की आधी विचारायचं, "जनावरांनी मेद धरला का?" आणि वसंतात नुसतं, "वसंत सुखात चाललाय ना?" तेव्हा मेदाचा विषय कुणी काढत नाही. बरगड्या मोजता येतील अशा गायीकडे पाहुणा बघतसुद्धा नाही, दुसरीकडे तोंड करून चहा पितो. मग वजन विचारलं तर पशुपालक कोणतं सांगणार? खोटं कुणीच बोललं नव्हतं. आणि कचेरीतली सगळी पशुपालकांचीच पोरं, त्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती.

म्हणजे वसंतातली वजनं हवी होती. काट्यावर घेतलेली.

खातेप्रमुख चोइझिल हा तसा भला माणूस. जन्म शहरातला, स्वभाव भित्रा, दिवसभर गरम पाणी पीत राहायचा. हिवाळ्यात यादीचा कच्चा कागद पाहून त्यानं दुलमाला बोलावलं.

"दुलमा, एक सुचवू? गाय वेगळी, मेंढी वेगळी, बकरी वेगळी, घोडा वेगळा, उंट वेगळा. एकाच्या पाच ओळी करू. नियमात बसतं ना?"

"बसतं, चोइझिल गुआय." मोठ्यांच्या नावापुढे आदरानं 'गुआय' लावायची आमची रीत.

"मग कोळसा आपोआप वर जातो. बरं, कोळशाला कुणी मामा-काका नाही. तो रुसत नाही."

"आणि जनावरं?"

"जनावरं कुठं पळून जातात? यादीत आहेतच. पण विखुरतात, डोळ्यावर येत नाहीत. नाहीतर उद्या बातमी होईल की देशात सगळ्यात जास्त वायू पशुपालकांच्या जनावरांचा. खेड्यातून निवडून आलेले निम्मे सभासद माझ्या दारात येऊन बसतील. त्यांना मी काय गरम पाणी पाजू?"

दुलमाला हसू आलं, पण ती हसली नाही. "गेल्या खेपेला मी वजनकाट्यासाठी पैसे मागितले तेव्हा तुम्ही काय म्हणालात? यादीत जे वर असेल त्याला आधी. आता ते वर आहे तर तुम्ही त्याचे तुकडे करताय. खाली गेलं की काटा कोळशाच्या खाणीत जाणार आणि आपली जनावरं पुन्हा उसन्या आकड्यावर जगणार."

"तुझे वडील काय म्हणतील याचा विचार केलास? त्यांच्या छातीवर सरकारनं बिल्ला लावलाय उत्तम पशुपालक म्हणून."

"वर असणं म्हणजे गुन्हा नव्हे. जिथं सगळ्यात नीट बघायचं ती जागा म्हणजे पहिली ओळ. जनावरं एकत्रच राहू देत, खाली पाचही जाती फोडून दाखवते."

चोइझिलनं पाण्याचा घोट घेतला. "ठीक आहे. काटा देतो, दोन माणसं देतो. पण वसंतातली वजनं तू आणायचीस. नाही आली तर यादी माझ्या पद्धतीनं जाईल, आणि मग कुरकुर करायची नाही."

वजनासाठी दुलमानं शारबुलागच निवडलं. आपल्या माणसांना सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं. इतकी हुशार बाई, पण आपलीच माणसं सगळ्यात अवघड असतात हे विसरली.

त्साग़ान सारला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, ती वडलांकडे गेली. योंदोनच्या गेरमध्ये सगळी दरी लोटलेली. परातीत मेंढीची आख्खी पाठ, पिवळसर चरबीनं मढलेली शेपटी पुढे करून मांडलेली. योंदोनची मेंढी दरवर्षी दरीत सगळ्यात लठ्ठ निघते आणि तो दरवर्षी म्हणतो, "यंदा जरा बारीकच आहे." दुलमानं त्याच्या हातांखाली हात धरून नमस्कार केला. म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे मायेनं तिच्या दोन्ही गालांचा वास घेतला. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या दरीतल्या गोम्बोनं तपकीर ओढली आणि तोंड उघडलं. गोम्बो योंदोनला दादा म्हणतो आणि संधी मिळाली की टोचतो.

"योंदोन दादा, ऐकलं ते खरं का? लेकीनं म्हणे देशात घाण करणाऱ्यांची यादी केली आणि तुमच्या मेंढ्या पहिल्या आणल्या."

कुणीतरी खुदकन हसलं. योंदोननं चहाचा वाडगा खाली ठेवला.

"घाण करणाऱ्यांची नाही, गोम्बो काका," दुलमा म्हणाली. "आणि तुमच्याही आहेत त्यात."

"माझ्या कुठल्या पहिल्या येतात? माझ्या कायम दुसऱ्या. दादाच्या पुढे जायची आमची काय टाप."

पाहुणे पांगल्यावर योंदोन एवढंच म्हणाला, "धुराड्याच्या वर बसवलंस माझ्या जनावरांना." आवाज चढला नव्हता. चढला असता तर दुलमाला बरं वाटलं असतं. तिनं वसंतातल्या वजनाचं बोलून टाकलं. म्हातारा चुलीकडे बघत म्हणाला, "हाडकी जनावरं काट्यावर चढवायची? त्यापेक्षा मला उघडा करून बाजारात उभा कर." आणि विषय संपला. निदान त्याच्या बाजूनं.

तरी दुलमा वसंतात काटा घेऊन आलीच. जनावर आत उभं राहील असा लोखंडी पिंजऱ्याचा काटा ट्रकमधून उतरवला, दोन माणसांनी तो दरीच्या तोंडाशी जोडला. वारा असा की तोंडात वाळू करकरत होती. मग ती गेरोगेर फिरली. सगळीकडे मिठाचा चहा मिळाला, सुकं दही मिळालं, शहरातल्या नातवंडांची चौकशी झाली. वजनाचं काढलं की सगळे दूर डोंगराकडे बघायला लागत. "योंदोन गुआय काय म्हणतात?" एवढं एकच. योंदोननं गोठा उघडला तर आम्ही उघडू, नाहीतर ज्या घरचं काम त्या घरीच अडलेलं, आम्ही कशाला पुढे होऊ? आणि बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं.

काट्याजवळची दोन माणसं पत्ते खेळायला लागली. चोइझिलचा फोन आला, त्यानं नुसतंच विचारलं, "हवा कशी आहे?" त्याला काय विचारायचंय ते दुलमाला कळलं. "वारा आहे," ती म्हणाली.

ती वडलांकडे गेली तेव्हा म्हातारा मेंढ्यांच्या आडोशात गुडघ्यांवर बसला होता. एक मेंढी पहिलटकरीण होती, आपलं कोकरू जवळ घेत नव्हती. अशा मेंढीला आमच्याकडे गाऊन मनवतात. तास तास गावं लागतं, ती विरघळेपर्यंत. योंदोननं मेंढीची मान काखेत धरली होती आणि खालच्या सुरात घुमत होता, "तोइग, तोइग, तोइग." दुलमा शेजारी बसली आणि तिनं कोकराचं तोंड सडाला लावलं. मेंढीनं लाथ झाडली.

"माझं उत्तर माहीत आहे तुला," योंदोन म्हणाला. "तोइग, तोइग."

"उत्तर मागायला नाही आले. एक सांगते, मग हवं तर हाकलून द्या. माझ्या पुस्तकात जी गाय आहे ना बाबा, ती तुमची नाहीच."

"तोइग... मग कुणाची?"

"कुणाची का असेना. गोठ्यात बांधलेली, बारा महिने गव्हाणीत तोंड घालून उभी. तिच्या खाण्यावरून आम्ही तुमच्या गायीचं खाणं लिहितो. त्या कागदावर तुमची गाय आज, या दिवशी, पोट फुटेस्तोवर चरते."

"आज?" म्हाताऱ्यानं सभोवारच्या पिवळ्या, कोरड्या दरीकडे पाहिलं. "चरते काय? दगड?"

"तेच तर. मग मी म्हटलं, आपल्या गायींची वजनं घालू. मागवली, तर सगळ्यांनी शरदातली धाडली. तुमचीही होती त्यात. नावानिशी."

मेंढी वळून कोकराला हुंगायला लागली, पुन्हा फिरली. त्यानं पुन्हा सूर धरला, पण आता तोंडातल्या तोंडात.

दुलमाचा आवाज चढला. आपल्या बापाशी ती आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. "लठ्ठ जनावर सांभाळणं काय, बाबा, ते गवत पडलेल्या कुठल्याही देशात जमतं. तुमच्या गायीनं आख्खा हिवाळा बर्फातून डोकावणाऱ्या काड्या खुडून काढला. अंगावरचं मांस जाळून पोटातलं वासरू वाढवलं. आणि आता या वाऱ्यात ती हाडांवर उभी आहे आणि दूध देतेय. अशी गाय त्या पुस्तकवाल्यांनी स्वप्नातही पाहिली नसेल. पण जगाला हे ठाऊकच नाही. कारण आपण तिला लपवतो. तिची लाज वाटते आपल्याला, तिची. मला राग येतो त्याचा. मी पहिल्या ओळीत तिला बसवली ती शिव्या द्यायला नाही. जगानं नीट डोळे उघडून तिच्याकडे बघावं म्हणून."

म्हाताऱ्यानं मेंढीची मान सोडली, गुडघे झटकले आणि तो गेरकडे चालता झाला. दुलमा कोकरू धरून तिथंच बसली. आपण बापाला लाजेचा शब्द बोललो, हे तिला खुपत राहिलं. मग बराच वेळ तीच गात बसली. मेंढी शेवटी वळली तेव्हा दुलमाचा घसा बसला होता.

सकाळी तिनं काटा खोलून ट्रकवर चढवायला सांगितला. दोन माणसांनी पत्ते खिशात घातले आणि पाने काढले. गोम्बो आणि आणखी चारजण, वाटेनं जाताजाता सहज थांबल्यासारखे, घोड्यांवरून मजा बघत होते. तेवढ्यात दरीच्या कडेवरून धूळ उठली.

योंदोन घोड्यावर होता. अंगात सणासुदीचा निळा रेशमी देल, आमचा लांब अंगरखा, कमरेला पिवळा पट्टा, छातीवर सरकारी बिल्ला. आणि पुढे काय, तर त्याच्या गोठ्यातल्या झाडून सगळ्या हाडक्या गायी. एरवी तो त्यांना टेकडीमागे ठेवतो, पाहुण्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून. सगळ्यांत पुढे एक म्हातारी करडी गाय, तिच्या पाठीचा कणा डोंगराच्या धारेसारखा वर आलेला, खाली तिचं वासरू लुडबुडत होतं.

गोम्बोचं तोंड उघडं राहिलं. "दादा, ही दाखवणार?"

"हिलाच आधी."

गाय पिंजऱ्यात पाय टाकेना. योंदोन घोड्यावरून उतरला, तिच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला, तशी चढली. काट्याजवळच्या माणसानं आकडा वाचला आणि संकोचानं दुलमाला हळूच सांगायला लागला.

"मोठ्यानं," योंदोन म्हणाला. "गोम्बोला ऐकू येत नाही."

त्यानं मोठ्यानं सांगितला. एवढ्या उंच गायीचं एवढंच वजन असतं हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं, आणि इतक्या मोठ्यानं ते आजवर कुणी बोललं नव्हतं. योंदोननं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"दरवर्षी वासरू देते. एकही दगावलं नाही. दूध बघायचंय? शरदातली गाय कुणीही दाखवेल. तुझ्याकडे इतकी हाडकी आहे का गोम्बो, जी अजून उभी आहे?"

गोम्बोला दोन गोष्टी सहन होत नाहीत, थंड चहा आणि योंदोनचा असा प्रश्न. त्यानं घोडा वळवला. दुपारपर्यंत तो आपली एक काळी गाय घेऊन हजर. "ही बघा. वारा आरपार जातो हिच्यातून."

योंदोननं तिच्याभोवती फेरी मारली. "ही? हिच्या मांड्यांवर मांस आहे अजून. ही तर शरदातली वाटते."

मग काय विचारता. दऱ्यादऱ्यांतून लोक यायला लागले. आजवर ज्या गायी टेकडीमागे असायच्या त्या आता रांगेत पुढे काढल्या जात होत्या. एकजण आपल्या घोड्याच्या बरगड्या बोट लावून मोजून दाखवत होता. एक आजी बकरी कडेवर घेऊन आल्या आणि "हिनं चार हिवाळे खाल्लेत" असं रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होत्या. पत्तेवाल्या दोघांना चहा प्यायलाही उसंत मिळाली नाही. दुलमा आकडे लिहीत होती आणि वाऱ्याचं निमित्त करून मधूनमधून डोळे पुसत होती. चोइझिलचा फोन आला. "हवा कशी आहे?"

"गर्दी आहे," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी योंदोन ट्रकपाशी आला. काट्याच्या लोखंडावर हात ठेवून त्यानं विचारलं, "ही खरी वजनं घातलीस तर काय होईल? आपला आकडा कमी होईल ना?"

"होईल, बाबा. वसंतात जनावर कमी खातं, ते आता दिसेल."

"म्हणजे जनावरं यादीत खाली जाणार."

दुलमानं त्याच्याकडे पाहिलं. सुरकुतलेलं कपाळ आठ्यांनी भरलं होतं. "कोळसा जवळ येईल," ती सावकाश म्हणाली. "पण मी कच्चं गणित करून बघितलंय. पहिली ओळ आपलीच राहते."

"नक्की?"

"नक्की."

"हं," म्हातारा म्हणाला आणि त्यानं देलचा पट्टा आवळला. "दुसरा नंबर मला चालला नसता."